हॉटेलचे पॉइंट खर्चायला निघण्याआधी (मुदत बघितली का?)

मागच्या खेपेला माझे चार रात्री पुरतील एवढे पॉइंट (हॉटेलात राहिल्यावर सदस्याच्या खात्यात जमतात आणि पुढे खोलीच्या भाड्याऐवजी वापरता येतात, ते) एका सकाळी शून्य झाले. कुणी चोरले नाहीत, मी उधळलेही नाहीत. मुदत संपली. आणि गंमत (आता गंमत म्हणतोय, तेव्हा तोंडातून वेगळंच निघालं होतं) अशी की मुदत मला माहीत होती. तिच्या पाच आठवडे आधी त्याच खात्यातून मी पुढच्या प्रवासाचं बुकिंगही केलं होतं. खात्यात हालचाल झाली की मुदत पुढे सरकते, हे कुठेतरी वाचलेलं. बुकिंग केलं म्हणजे हालचाल झालीच, असं मी धरून चाललो. झाली नव्हती. पॉइंट जमा होतात मुक्काम पुरा झाल्यावर, म्हणजे चेकआउटनंतर, आणि माझा मुक्काम मुदतीच्या दहा दिवस पलीकडे होता. तीन वर्षांचं साठवलेलं त्या दहा दिवसांच्या फटीत गेलं. ग्राहक सेवेतल्या माणसाने अतिशय गोड आवाजात नियम वाचून दाखवला. म्हणून ही यादी. खरं तर माझ्यासाठीच.

पहिलं काम, मुदत. खातं उघडलं की डोळे शिलकीच्या मोठ्या आकड्याकडे जातात, त्यांना तिथून हटवा आणि तारीख शोधा. ती बहुधा समोर नसते. ‘माझं खातं’, ‘व्यवहार’ किंवा अटींच्या बारीक अक्षरांत कुठेतरी दडलेली असते. प्रत्येक योजनेचं घड्याळ वेगळं. मॅरियट बॉनवॉय, हिल्टन ऑनर्स आणि वर्ल्ड ऑफ हयात या हॉटेल साखळ्यांच्या योजनांचं 24 महिन्यांचं. आयएचजी साखळीच्या वन रिवॉर्ड्समध्ये वरचा दर्जा (जास्त रात्री राहिल्यावर सदस्याला मिळणारी वरची पायरी) मिळवलेला नसेल तर 12 महिन्यांतच खेळ संपतो. एक्स्पीडिया, हॉटेल्स डॉट कॉम आणि व्हर्बो या बुकिंग साइटची मिळून जी ‘वन की’ योजना आहे, तिथे 18 महिने. हे सगळे महिने शेवटच्या हालचालीपासून मोजायचे. विंडम या साखळीकडे तर दोन घड्याळं: 18 महिने खातं निपचित पडलं तरी पॉइंट जातात, आणि तुम्ही कितीही हालचाल करा, मिळाल्यापासून 4 वर्षांनी ते जातातच. हे नियम बदलतात, त्यामुळे माझ्यावर विसंबू नका, आपल्या खात्यातली तारीख आपल्या डोळ्यांनी बघा आणि फोनच्या कॅलेंडरात टाका. त्या दिवसाची आठवण लावू नका, तीन महिने आधीची लावा. आदल्या दिवशी आठवण झाली तर करणार काय, रात्रीतून चेकआउट?

आता ‘हालचाल’ हा शब्द. माझ्या घोड्याने इथेच पेंड खाल्ली. पॉइंट मिळणं किंवा खर्च होणं म्हणजे हालचाल. लॉगिन करणं नाही. हॉटेलं चाळत बसणं नाही. पैसे भरून पुढच्या तारखेचं बुकिंग करणं हीदेखील बऱ्याच ठिकाणी नाही, कारण त्याचे पॉइंट अजून आलेलेच नसतात. मॅरियटमध्ये घरातल्या दुसऱ्या सदस्याच्या खात्यात पॉइंट वळते केले तरी तेही हालचालीत धरत नाहीत. मुदत जवळ आली असेल आणि मुक्काम लांब असेल, तर सोपा उपाय म्हणजे थोडेसे पॉइंट कुठेतरी खर्चून टाकणं. काही योजनांत थोडे विकत घेतले तरी चालतं. योजनेचं क्रेडिट कार्ड असेल तर त्यावरची एखादी किरकोळ खरेदीही पुरते. मला हे कळलं तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

खातं एकच ठेवा. एकदा ऑफिसच्या ईमेलने, एकदा स्वतःच्या, एकदा फोनवरच्या कुठल्या तरी बटणाने, अशी तीन खाती झाली की कशातच धड काही जमत नाही, आणि ती एकत्र करून देतीलच याची खात्री नाही. शोध सुरू करण्याआधी लॉगिन करा, कारण सदस्यांचे दर बाहेरच्याला दिसत नाहीत. पासवर्ड वगैरे तुम्हाला माहीत आहे.

आता खरा प्रश्न: पॉइंट जमवायचे कुणाचे, बुकिंग साइटचे की हॉटेलचे? दोन्हीकडून मिळतील असं अनेकांना वाटतं. मलाही वाटायचं. मोठ्या साखळीतलं हॉटेल बाहेरच्या साइटवरून घेतलंत, तर त्या साखळीचे पॉइंट बहुधा मिळत नाहीत, दर्जासाठी त्या रात्री मोजल्या जात नाहीत, आणि दर्जा आधीच असला तरी उशिरा चेकआउट किंवा मोठी खोली द्यायला काउंटरवरचा माणूस बांधील नसतो. त्याच्या लेखी तुम्ही साइटचे गिऱ्हाईक. म्हणून माझा नियम साधा आहे. साखळीतलं हॉटेल असेल तर थेट त्यांच्याच साइटवरून, आणि एकेकटं, स्वतंत्र हॉटेल असेल तर बुकिंग साइटवरून. स्वतंत्र हॉटेलकडे स्वतःचे पॉइंट बहुधा नसतातच, तेव्हा तिथे साइटने दिलेलं सगळं वरकमाई. मात्र अशा हॉटेलला एक फोन करून थेट दर विचारावा. साइटला द्यावं लागणारं कमिशन वाचत असल्याने ते कधी कधी साइटपेक्षा कमी सांगतात, आणि मग पॉइंटांचा सगळा हिशेब फिजूल ठरतो.

सगळ्या योजना पॉइंटांच्या नसतात, हेही लक्षात असू द्या. बुकिंग डॉट कॉमच्या ‘जीनियस’मध्ये साठवायचं काही नाही, पायऱ्या आहेत. खातं उघडलं की पहिली पायरी आणि काही हॉटेलांत 10 टक्के सवलत. दोन वर्षांत 5 मुक्काम झाले की दुसरी, 15 झाले की तिसरी, जिथे सवलत काही ठिकाणी 20 टक्क्यांपर्यंत जाते. पण ही सवलत साइट आपल्या खिशातून देत नाही, हॉटेल देतं, म्हणून ती प्रत्येक हॉटेलात आणि प्रत्येक खोलीला नसते. शिक्का दिसला म्हणून भुलू नका. सवलतीनंतरचा, करासकटचा शेवटचा आकडाच दुसरीकडच्या आकड्याशी ताडून बघा. दहा टक्के कमी करून मिळालेली खोली दुसऱ्या साइटवरच्या साध्या दरापेक्षा महाग निघालेली मी पाहिली आहे.

साठवून ठेवण्याबद्दल. आमच्यासारख्यांना शिल्लक वाढताना बघायची खोड असते. ‘मोठ्या सहलीसाठी ठेवू’ म्हणत आपण बसतो आणि तिकडे नियम बदलतो. हॉटेल्स डॉट कॉमची जुनी योजना आठवा: 10 रात्री राहा, एक मोफत, आणि तिची किंमत त्या दहा रात्रींच्या सरासरीएवढी. म्हणजे जवळजवळ 10 टक्के परत. 2023 मध्ये अमेरिकेत तिच्या जागी ‘वन की’ आली, त्यात हॉटेलवर साधारण 2 टक्के. मॅरियटने 2022 मध्ये कोणत्या हॉटेलला किती पॉइंट याचा ठरावीक तक्ता मोडीत काढला. आता खोलीचा दर वर गेला की पॉइंटही वर जातात. बँकेतल्या पैशावर निदान व्याज तरी मिळतं. पॉइंट पडून राहिले तर एकतर झिजतात, नाहीतर मुदत संपून जातात. (हो, परत मुदत. तारीख बघितलीत का अजून? नसेल तर हे वाचणं थांबवा आणि बघून या.)

वापरायची वेळ आली की कागद-पेन्सिल घ्या. समजा खोली 120 ची, त्यावर कर 20, आणि पॉइंट मागतायत 10,000. पॉइंट वापरूनही कर तुम्हालाच भरायचा असेल तर वाचले 120, म्हणजे हजार पॉइंटांमागे 12. दुसरं हॉटेल करासकट 180 चं, पॉइंट 12,000, वर काही भरायचं नाही; हजारामागे 15. दुसरं बरं. एवढंच गणित, पण माणसं ते करत नाहीत, ‘फुकट’ म्हटलं की झालं. तुलना करताना एक खोट टाळा: रद्द करता येणाऱ्या महागड्या दराशी नव्हे, तुम्ही एरवी खरोखर जो दर भरला असता त्याच्याशी ताडा. गर्दीच्या दिवसांत पैशाचा दर भडकतो आणि काही योजनांत पॉइंट तेवढे वाढत नाहीत. तिथे पॉइंट काढा. मंदीत दर पडलेले असताना रोख भरा. मोफत रात्रीला ठरावीक किंमत असेल आणि खोली त्याहून स्वस्त असेल, तर वरचे पैसे परत मिळत नाहीत. तेव्हा त्या किमतीच्या जवळची किंवा जरा वरची खोली निवडून फरक भरावा. रिसॉर्ट फी (खोलीच्या दरावर हॉटेल वेगळं लावतं ते शुल्क) नावाचा प्रकार असेल तर तोही मोजा: हिल्टन आणि हयात पूर्ण पॉइंटांच्या रात्रीवर ती घेत नाहीत, मॅरियट घेतं. आणि मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंटांवर घेतल्या तर चारचेच पॉइंट लागतात. हिल्टनमध्ये हेच, पण सिल्व्हर किंवा वरचा दर्जा हवा. चार रात्रींची सहल पाच करावी की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

प्रत्यक्ष बुकिंग. पॉइंट वापरण्याचं बटण शेवटच्या पानावर असतं, आणि घाईत ते सुटतं. कुपन लावलं की काही वेळा पॉइंट मिळणं बंद होतं. दोन्हीपैकी जास्त फायद्याचं काय ते बघा. कॅशबॅकच्या (खरेदीतली थोडी रक्कम परत देणाऱ्या) साइटवरून आलात तर जाहिराती अडवणारं साधन बंद ठेवा, नाहीतर तुम्ही कुठून आलात याची नोंदच होत नाही. रद्द करण्याच्या अटी वाचा. आणि आता नीट ऐका: पॉइंट वापरून केलेलं बुकिंग रद्द केलंत तर ते बऱ्याच ठिकाणी परत येतात ते जुन्याच मुदतीसह. मधल्या काळात ती मुदत उलटली असेल तर परत येऊनही काही हाती लागत नाही. म्हणजे ‘आत्ता अडकवून ठेवू, मग बघू’ ही युक्तीसुद्धा तुम्हाला मुदतीपासून वाचवत नाही. सगळं झालं की दराचा, पॉइंटांचा आणि अटींचा स्क्रीनशॉट.

हॉटेलात पोचल्यावर फारसं काही नाही. सदस्य क्रमांक नोंदलाय का विचारा. एक रात्र वाढवायची असेल तर काउंटरवर वाढवू नका, ज्या खात्यातून आलात तिथूनच वाढवा, नाहीतर ती रात्र साइटच्या हिशेबात येणारच नाही. बिल घ्या.

परतल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पॉइंट आले का बघा. आले नसतील तर बिल जोडून लिहा, मागण्यालाही मुदत असते. मग खात्यातली नवी तारीख बघा, कॅलेंडरातली जुनी पुसा, नवी टाका, तीन महिने आधीची.