पहाटे पाचची खडखड: पेठेत फ्लॅट असेल तर तक्रार कुठे करायची, कशी करायची

आमची बिल्डिंग नारायण पेठेत, जुना वाडा पाडून झालेली, खाली दुकानं आणि वर चार मजले, त्यात मी दुसऱ्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला. फ्लॅट घेताना सगळं बघितलं, पाण्याचं प्रेशर, पार्किंग, अगदी प्रॉपर्टी कार्डसुद्धा काढून आणलं, फक्त पहाटे पाचला तिथे कसला आवाज असतो हे बघायचं काही डोक्यात आलं नाही. दुपारी एक ते चार शांतता हा पुणेकराचा जन्मसिद्ध हक्क, पण पहाटे चार ते सहाचं काय, त्यावर कोणी बोलतच नाही. तीन वर्षं हा सगळा प्रकार करून झालाय, भांडून झालंय, गोड बोलून झालंय, पोलिसांना फोन करून झालाय, त्यातलं काय चाललं आणि काय नाही ते लिहितोय.

आधी आवाज नक्की कोणाचा ते शोधा. हे वाचून हसाल पण मी दोन महिने दूधवाल्याच्या नावाने बोटं मोडत होतो आणि मला रोज उठवणारी ती 'धप्प' आमच्याच बिल्डिंगच्या पंपाची निघाली. अंथरुणात पडून सगळे आवाज खालूनच आल्यासारखे वाटतात. एक आठवडा वहीत लिहा, किती वाजता, कसला आवाज, किती वेळ चालला. आणि एक दिवस सरळ चप्पल घालून खाली जाऊन उभे राहा, पाच ते सहा. चहाचा थर्मास घेऊन सायकलवरून फिरणारा भेटला तर त्याच्याशी बोला, कुठला टेम्पो किती वाजता येतो हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहिती असतं.

वहीतल्या वेळा महत्त्वाच्या का, तर कायद्यात सकाळ सहा वाजता होते. ध्वनिप्रदूषणाचे जे २००० सालचे नियम आहेत त्यात रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, आणि हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या आजूबाजूच्या १०० मीटरच्या, सरकारने जाहीर केलेल्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्रीच्या वेळात उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, आणि राहत्या भागात हॉर्न, आवाज करणारे फटाके आणि बांधकामाची आवाज करणारी मशिनंसुद्धा बंद, हा दुसरा भाग २०१० च्या दुरुस्तीत आला. म्हणजे साडेपाचला समोरच्या साइटवर काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालू झाला तर कायदा पूर्ण तुमच्या बाजूने आहे. सव्वासहाला झाला तर बऱ्याचदा फक्त तुमची जीभ तुमच्या बाजूने आहे. हा फरक डोक्यात पक्का ठेवा कारण तक्रार कशी करायची ते सगळं यावर ठरतं. घंटागाडी साडेसातला गाणं लावून येते त्यावर चिडून काही उपयोग नाही, डबा घेऊन खाली जायचं.

आता पंप, कारण पेठांमधल्या निम्म्या बिल्डिंगमध्ये खरा चोर हाच असतो असं माझं मत झालंय. आमच्याकडे वॉचमन पावणेपाचला मोटर लावायचा. विचारलं का, तर 'पाणी येतं ना तेव्हा'. आता गंमत बघा, कॉर्पोरेशनचं पाणी खालच्या टाकीत आपलं आपण पडतं, त्याला मोटर लागतच नाही, मोटर फक्त खालचं पाणी वरच्या टाकीत चढवायला. रात्री साडेनऊला वरची टाकी भरून ठेवली तर सकाळी साडेसहापर्यंत कोणाचंही काही अडत नाही. पण पूर्वी कधीतरी टंचाई होती तेव्हाची सवय पडली ती पडली. ऑटोमॅटिक बसवलेलं असेल तर ते अजून वाईट, वरची टाकी रिकामी होत आली की रात्री तीनला पण मोटर सुरू, त्याला टायमर लावून घ्या.

आवाज मोटरचा आहे की पाइपचा हे बघायला प्लंबरबरोबर पंप रूममध्ये गेलो. त्याने मोटर चालू असताना माझा हात पाइपवर ठेवायला लावला, तो पाइप अक्षरशः थरथरत होता, आणि पुढे जाऊन भिंतीला लोखंडी क्लॅम्पने करकचून आवळलेला, म्हणजे तो थरथराट सरळ भिंतीत आणि भिंतीतून आमच्या बेडरूममध्ये. मग मोटर बंद केली आणि ती माझी ओळखीची 'धप्प' आली. मोटर थांबली की वर चढलेलं पाणी उलटं खाली येतं आणि एनआरव्हीची, म्हणजे पाणी मागे जाऊ न देणाऱ्या वॉल्व्हची, झडप दाणकन बंद होते, त्याचा तो आवाज. उपाय तीनच, मोटरखाली रबर पॅड, पाइप आणि क्लॅम्पमध्ये रबर, आणि जुना एनआरव्ही काढून स्प्रिंगवाला. मोटर घरघरत असेल तर बेअरिंग पण बघून घ्या. हे सगळं आमच्याकडे मेंटेनन्समध्येच बसलं, वर्गणी काढायची वेळ आली नाही.

हे कमिटीकडून करून घ्यायचं तर तोंडी सांगू नका, जिन्यात भेटलेल्या सेक्रेटरीला सांगितलेली गोष्ट जिन्यातच राहते. अर्ज लिहा आणि त्यात 'आवाजाचा त्रास होतो' असं मोघम नको, 'मोटरची वेळ सकाळी साडेसहा करावी आणि एनआरव्ही बदलावा' असं थेट काम लिहा. तुमची सोसायटी आहे की अपार्टमेंट ते पण बघून घ्या, पेठेत भरपूर बिल्डिंग अपार्टमेंट कायद्याखाली आहेत, तिथे सोसायटीचे बायलॉज नाही चालत, डीड ऑफ डिक्लरेशन म्हणजे घोषणापत्र आणि फ्लॅटमालकांचं असोसिएशन असतं. आणि 'माझी झोप' म्हणू नका, 'मोटरवर ताण येतोय' म्हणा. झोपेसाठी कोणी खर्च करत नाही हो, मोटर जळायची मात्र सगळ्यांना भीती.

वरच्या मजल्याचं थोडक्यात. आमच्या वरच्या काकू साडेपाचला मिक्सर लावायच्या, ओटा कडप्प्याचा, भिंतीला घट्ट बसवलेला, त्यामुळे मिक्सर जणू माझ्या उशीवरच चालायचा. मी संध्याकाळी गेलो, म्हटलं, 'काकू, सकाळी चटणी का?' तर म्हणाल्या, 'अरे काय करू, याची कंपनीची बस सव्वासहाला येते, डबा नको का द्यायला?' आता यावर काय भांडणार. म्हटलं, काकू फक्त मिक्सरच्या पायांखाली जुना टॉवेल चौपदरी घडी करून ठेवून बघा, खालच्या आणि बाजूच्या जाळ्या झाकू नका म्हणजे गरम होणार नाही. अर्ध्याच्या वर आवाज गेला, वर मला लसणाची चटणी मिळाली. खुर्च्या ओढण्याचा आवाज असेल तर पायांना रबरी बूच आणून स्वतः द्या, मागू नका.

दुकानदार आणि टेम्पो हा अवघड विषय आहे कारण त्याचं पोट त्यावर आहे आणि तुम्ही त्याच्या धंद्याच्या वेळेला जाऊन भांडता. मी पहिल्यांदा हीच चूक केली, पावणेसहाला बाल्कनीतून ओरडलो. खालच्या क्रेट उतरवणाऱ्या पोराने वर बघितलं, पुढचा क्रेट जरा जास्तच जोरात टाकला, आणि दुसऱ्या दिवशीपासून रोज तसाच. मालकाशी बोला आणि सकाळची गडबड संपल्यावर बोला, गिऱ्हाईक नसताना, शक्यतो त्याच्याकडून काहीतरी विकत घेताना. मी अकराच्या सुमारास गेलो, अर्धा किलो दही घेतलं आणि म्हटलं, शेठ, माल लवकर येणार हे कळतं हो मला, पण क्रेट फरशीवर आपटतात ते जरा बघा ना. तो म्हणाला पोरं ऐकत नाहीत. मग मीच जुन्या बाजारातून एक जाड रबर मॅट आणली आणि टेम्पो लागतो तिथे टाकायला दिली. पहिले चार दिवस ती घडी करून कोपऱ्यात पडली होती, पाचव्या दिवशी पावसाने फरशी निसरडी झाली आणि पोरांनी घसरू नये म्हणून स्वतःच अंथरली, तेव्हापासून आहे.

शटरचं पण तसंच. ते खर्रर्र करून वर जातं ते बहुतेक वेळा बाजूच्या पट्ट्यांत धूळ आणि गंज साचल्यामुळे. ब्रश मारून वंगण लावलं की निम्मं काम होतं, वर उचलायला पण हलकं जातं आणि दुकानदाराला हेच कारण सांगायचं.

पाटी लावायचा मोह मात्र आवरा. मला माहितीये हात शिवशिवतात, मी पण लिहिली होती, 'येथे माणसे झोपतात, कृपया क्रेट झोपवून ठेवावेत', लोकांनी फोटो काढले, हसले, आणि आवाज तेवढाच राहिला. पाटी लिहून लिहिणाऱ्याचंच समाधान होतं.

बोलून होत नसेल आणि आवाज सहाच्या आधीचा असेल तर ११२. आवाज चालू असताना फोन करायचा, बंद झाल्यावर करून काही हाती लागत नाही. पत्ता, जवळची खूण, कसला आवाज, कधीपासून चालू आहे, एवढंच सांगा, समोरच्याचा स्वभाव आणि मागची भांडणं सांगू नका. तुमचं नाव बाहेर जाईल ही भीती सगळ्यांना असते. लाऊडस्पीकरच्या बाबतीत मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२५ च्या निकालात पोलिसांना सांगितलंय की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करायची आणि ओळख कळली तरी समोरच्याला सांगायची नाही. त्यामुळे फोनवर स्पष्ट म्हणा, माझं नाव देऊ नका. देऊळ असो, मशीद असो, मंडळ असो की जिमवाला, स्पीकरला नियम एकच, आणि तक्रारीत धर्माचं एक अक्षरही आणू नका, फक्त वेळ आणि आवाज. काकड आरतीच्या महिन्यात मी आधी ट्रस्टच्या एका वयस्कर काकांना भेटलो, त्यांनी कर्णा गाभाऱ्याकडे वळवला आणि आवाज कमी केला, फोन करावाच लागला नाही.

पण ११२ ने त्या दिवसाचा आवाज थांबतो, उद्याचा नाही. रोजचंच असेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज. आपलं ठाणं कोणतं ते आधी विचारून घ्या, पेठांत हद्दी अशा आहेत की समोरची बिल्डिंग दुसऱ्या ठाण्यात निघू शकते. अर्ज एका पानाचा, साधारण असा:

'प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक. विषय: रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बांधकामाच्या मशिनरीच्या आवाजाबाबत. वरील ठिकाणी खालील तारखांना पहाटे ५ ते ६ या वेळेत ब्रेकर व मिक्सर चालू होता. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार राहत्या भागात यास रात्री मनाई आहे. सोबत तारीख-वेळेची यादी व व्हिडिओ जोडला आहे. कृपया कारवाई करावी.'

खाली दोन-चार शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, एकट्याची तक्रार म्हातारबुवांची कटकट वाटते आणि पाच सह्या झाल्या की विषय होतो. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. बांधकाम असेल तर हाच अर्ज महापालिकेच्या तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात पण द्या. फोनवरच्या ॲपचा डेसिबल आकडा पुरावा म्हणून फारसा धरत नाहीत, तरी लिहा, कारण नियमात मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल किंवा रात्रीची बंदी मोडली असेल तर तक्रार करता येते असं आहे, आणि आपण कुठे आहोत याचा अंदाज तरी येतो.

कुत्र्यांचं विचाराल तर 'गाडी बोलवा, घेऊन जातील' हे विसरा, नियमाप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून साधारणपणे जिथून नेलं तिथेच परत सोडतात. नसबंदी झालेली कमी भांडतात, तेवढी मागणी करा.

राहिलेला आवाज खिडकीतून. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत काचेपेक्षा फटीतून जास्त आवाज येतो, जिथून हवा येते तिथून आवाज येतो. आधी कडेच्या झिजलेल्या ब्रशच्या पट्ट्या बदला, खाली पाणी जायची भोकं सोडून बाकी फटी बुजवा, मग जमलं तर जाड लॅमिनेटेड काच. अंड्याचे ट्रे आणि फोमचे तुकडे भिंतीला चिकटवू नका, त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा टेम्पो नाही. पलंग रस्त्याच्या भिंतीपासून हलवून आतल्या भिंतीला लावणं हा फुकटचा उपाय मी सगळ्यात शेवटी केला, तो पहिला करायला हवा होता.

आणि अजून फ्लॅट घ्यायचा असेल, भाड्याने का होईना, तर एजंट दुपारी बाराला दाखवतो तेव्हा बघून या, पण टोकन द्यायच्या आधी एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी पहाटे साडेपाचला एकटे जाऊन अर्धा तास खाली थांबा. खालचं दुकान कसलं आहे, पंप रूम कोणत्या बेडरूमखाली आहे आणि टेम्पो वळायला रिव्हर्स कुठे घेतो, एवढं बघा. माझ्या एका मित्राने असं केलं आणि त्याच्या बिल्डिंगखाली त्याला वॉचमन गाढ झोपलेला दिसला, त्याने त्याच दिवशी टोकन दिलं.