नव्या घराची देशी खरेदी

मागच्या दिवाळीनंतर माझ्या पुतणीने बडोद्यात मांजलपूरला फ्लॅट घेतला. "काकू, संसाराचं सगळंच घ्यायचंय. जमेल तेवढं आपल्या देशात बनलेलं घेऊ. तू येतेस बरोबर?" असा तिचा फोन आला. मी 29 वर्षं मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पंपांच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळलं. आलेला माल उघडायचा, चलनाशी, म्हणजे मालाबरोबर आलेल्या यादीशी, ताडून बघायचा, टेस्ट सर्टिफिकेट वाचायचं आणि मगच इनवर्ड रजिस्टरवर सही करायची, हे माझं काम. तीच सवय घेऊन आम्ही दोघी चार शनिवार मंगळबाजार आणि रावपुऱ्यात फिरलो. तेव्हा जे कामाला आलं ते सांगते.

दुकानात शिरण्याआधी ठरवा, तुम्हाला कंपनी देशी हवी आहे की वस्तू देशात घडलेली हवी आहे? दोन्ही गोष्टी एक नाहीत. बाटा आपलीच कंपनी आहे असं आमच्या आईला शेवटपर्यंत वाटत होतं. ती मूळची चेक लोकांची, 1894 साली झ्लिन गावात सुरू झालेली. पण कलकत्त्याजवळच्या बाटानगरात हजारो भारतीय हातांनी तिचे जोडे शिवले. उलट बाजूने, नाव अगदी संस्कृत, खोक्यावर कमळ, आणि आतली वस्तू बाहेरून तयार येऊन इथे फक्त खोक्यात भरलेली, असंही असतं. मी काम कुठे झालं ते आधी बघते, मालकी नंतर. दोन्ही देशी असेल तर उत्तमच.

असं का, तेही सांगते. आमच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत मोटरचे कपॅसिटर बनवणारं छोटं वर्कशॉप होतं. तिथे 14 बायका वाइंडिंगला बसायच्या. बाहेरचा कपॅसिटर स्वस्त मिळायला लागला, आमच्यासकट सगळ्यांनी तो घेतला आणि दीड वर्षात वर्कशॉपला कुलूप लागलं. त्यातल्या दोघी पुढे आमच्याच कँटीनमध्ये पोळ्या लाटायला आल्या. त्या बाहेरच्या मालाच्या पहिल्या चलनावर सही माझी होती. तेव्हापासून कुठलीही वस्तू हातात घेतली की ती कोणी बनवली हे वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आता खोकं हातात घ्या आणि उलटं करा. पुढच्या बाजूचा तिरंगा, 'भारतीय', 'स्वदेशी' हे शब्द सोडून द्या. वजनमापाच्या 2011 च्या नियमांप्रमाणे पाकीटबंद वस्तूवर बनवणाऱ्याचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापावा लागतो. माल बाहेरचा असेल तर मूळ देशही छापावा लागतो. म्हणून बारीक अक्षरातलं क्रियापद शोधा. 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' असेल तर पुढचं नाव-पत्ता बनवणाऱ्याचं असतं. 'मार्केटेड बाय' म्हणजे नुसता विकणारा. 'पॅक्ड बाय' लिहिलं असेल तर बनवणारा कोण ते पुढे शोधायचं. 'इम्पोर्टेड बाय' दिसलं की उत्तर मिळालंच. पुष्कळदा ही ओळ मूळ छपाईवर चिकटवलेल्या पांढऱ्या स्टिकरवर असते, तेव्हा स्टिकरच्या आसपासची मूळ छपाईही वाचा.

साबण, बिस्किटं, टूथपेस्ट अशा पाकिटांवर कधी कधी चार-पाच कारखान्यांचे पत्ते असतात आणि प्रत्येकापुढे एक अक्षर असतं. बॅच नंबरच्या बहुधा सुरुवातीला त्यातलं जे अक्षर असेल, त्या कारखान्यातून तुमचं पाकीट निघालं. पुतणीला हे इतकं आवडलं की तिने दुकानातल्या साबणाच्या सगळ्या वड्या पालथ्या घातल्या आणि गुजरातच्या कारखान्यातल्या तेवढ्या उचलल्या. दुकानदार बिचारा बघत राहिला.

बारकोडबद्दल एक गैरसमज व्हॉट्सॲपवर दर दिवाळीला फिरतो, की 890 ने सुरू झाला म्हणजे माल भारतीय. तसं नाही. त्या कंपनीने बारकोडचा क्रमांक भारतातल्या संस्थेकडून घेतला, एवढंच 890 सांगतं. माल कुठेही बनलेला असू शकतो. बिलावरच्या जीएसटी नंबराचंही तसंच. पहिले दोन आकडे 24 म्हणजे विकणाऱ्याची नोंदणी गुजरातमधली, मालाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

आयएसआयच्या शिक्क्यानेही फसू नका. तो शिक्का दर्जाचा आहे. परदेशातल्या कारखान्यांनाही त्याचा परवाना मिळतो. पण शिक्का नीट वाचला तर पत्ता हाती लागतो. वरच्या बाजूला मानकाचा क्रमांक असतो. प्रेशर कुकरला आयएस 2347, छताच्या पंख्याला आयएस 374. खाली 'सीएम/एल' आणि पुढे परवाना क्रमांक. मोबाइलवर 'बीआयएस केअर' हे हा शिक्का देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोचं सरकारी ॲप घ्या, त्यात तो क्रमांक घाला. परवाना कोणाचा, कारखाना कुठे आणि परवाना चालू आहे की संपला, सगळं समोर येतं. एलईडी दिवे, चार्जर, ॲडॉप्टर यांवर 'आर' अक्षर आणि आठ आकडे असतात, तेही तिथेच तपासता येतात. रावपुऱ्यातल्या एका दुकानात आम्ही तीन चार्जरचे आर नंबर टाकून पाहिले. दोघांचे कारखाने परदेशात निघाले, तिसऱ्याचा नोएडात. किमतीत फरक 40 रुपयांचा. तिसरा घेतला.

ऑनलाइन घेताना मूळ देश दाखवणं विक्रेत्याला बंधनकारक आहे. तो बहुधा खाली, 'अधिक माहिती'च्या आत दडलेला असतो. पैसे भरण्याआधी त्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुतणीच्या मुलासाठी मागवलेल्या डब्याच्या पानावर 'भारत' लिहिलं होतं आणि घरी आलेल्या डब्यावर आयातदाराचं स्टिकर निघालं. स्क्रीनशॉट होता म्हणून परत करताना वाद घालावा लागला नाही. विक्रेता ऐकत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक मिळाला की सूर बदलतो.

स्वयंपाकघराकडे आपलं लक्षच जात नाही, आणि परदेशी माल तिथेही बराच असतो. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं, आणि फरसाण, बिस्किटं, नूडल्स यांच्या घटकांच्या यादीत 'पामोलीन' म्हणून बसतं. आपण गुजरातेत राहतो, भुईमूग पिकवण्यात हे राज्य देशात पहिलं. म्हणून आमच्याकडे वर्षाला 15 किलोचे सिंगतेलाचे, म्हणजे शेंगदाणा तेलाचे, डबे भरतात. डबा घेताना 'ब्लेंडेड' शब्द आहे का बघा. असला तर कुठलं तेल किती टक्के तेही छापलेलं असतं. बेदाणे सांगली-तासगावचे मागा. सफरचंद जुलै-ऑगस्टपासून हिमाचलचं आणि मागोमाग काश्मीरचं येतं. खंडेराव मार्केटात फळवाल्याला "क्यांनुं छे?" (कुठलं आहे?) असं विचारलं की तो पेटीच दाखवतो.

हिंगाला मात्र नियम लावत बसू नका. कच्चा हिंग अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. आपल्याकडे हाथरसला त्यात पीठ आणि डिंक घालून बांधानी हिंग करतात. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात ऑक्टोबर 2020 मध्ये हिंगाची लागवड सुरू झाली, पण त्या झाडाला चीक द्यायला काही वर्षं लागतात. तोवर डबी हाथरसची घ्यावी आणि फोडणी करावी.

औषधांत तर हा हट्ट अजिबात नको. माझ्या भावाला पेसमेकर बसवला तेव्हा तो कुठल्या देशाचा हे मी विचारलंही नाही. डॉक्टर म्हणतील तो, आणि वेळेवर.

खेळण्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण लहान मूल ते तोंडात घालतं. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. आठवडी बाजारातल्या ढिगात तो शोधून सापडत नाही, तेव्हा ढीग सोडून द्या. सरकारकडे नोंद असलेल्या हस्तकला कारागिरांना या सक्तीतून सूट आहे, म्हणून लाकडी खेळण्यावर शिक्का नसेल तर लगेच नाकारू नका. रंग कसला ते विचारा, ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासून बघा. फडक्याला रंग लागला तर नको. माझ्या नातवाकडे सावंतवाडीची लाकडी फळं आहेत, दोन वर्षं चावूनही केळं पिवळंच आहे.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, आपण ज्याला 'चायनीज दोरी' म्हणतो तो नायलॉनचा मांजा इथेही बनतो. 2017 साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली. तो देशात बनला म्हणून चांगला ठरत नाही, पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे तसेच कापतो.

यावरून दुसरी गोष्ट. देशी आहे म्हणून वाईट माल घरात आणू नका. राजकोटहून येणाऱ्या पंपांच्या कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागांना, ब्लोहोल (हवेची भोकं) असायचे. मी तीन वेळा गाडी परत पाठवली. चौथा लॉट स्वच्छ आला आणि पुढची सात वर्षं त्यांच्याकडून एक तुकडाही परत गेला नाही. तुम्हीही कुकरचं झाकण लावून बघा, कढईचं बूड टेबलावर ठेवून डुगडुगतं का ते बघा, पंखा दुकानात चालवून घ्या. वाईट असेल तर का नको हे दुकानदाराला स्पष्ट सांगून परत द्या. त्याच्याकडून ते बनवणाऱ्यापर्यंत पोचतं.

किमतीचं म्हणाल तर मी शेकडा पंधरापर्यंत जास्त देते. पण तुलना करताना सुटे भाग धरा. पुतणीच्या जुन्या घरी चकचकीत आयात केलेला मिक्सर होता. चौदाव्या महिन्यात त्याचा कपलर, म्हणजे मोटर आणि जार जोडणारा तुकडा, तुटला. 60-70 रुपयांचा भाग, पण कुठेच मिळेना, आणि अख्खा मिक्सर भंगारात गेला. आता विकत घेण्याआधी आम्ही दांडिया बाजारातल्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो आणि विचारलं, कुठल्या मिक्सरचे कपलर, जार आणि कार्बन तुमच्याकडे कायम असतात? त्यांनी दोन नावं सांगितली, दोन्ही देशात बनणारे. त्यातला एक घेतला. तुमच्याही गल्लीत असे काका असतील, दुकानाआधी त्यांना गाठा.

शेवटची खरेदी हिंचक्याची, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. शोरूममध्ये बाहेरून आलेला धातूचा झुला होता, घरपोच आणि लगेच. मी तिला डभोईवरून संखेड्याला नेलं. संखेड्याच्या लाकूडकामाला भौगोलिक मानांकन आहे. खराद्यांची, म्हणजे लाकूड कातणाऱ्यांची, घरं आहेत तिथे. सागाचा तुकडा खरादावर फिरतो, त्यावर कथिलाच्या रंगाने हाताने नक्षी काढतात, अकीकाच्या दगडाने घोटतात, लाख चढवतात आणि केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. पाटी उन्हात वळवून बघा. हाताची नक्षी जवळून पाहिली की दोन फुलं तंतोतंत सारखी नसतात. छापील नकलेत असतात. लाकूड सागच आहे हे बिलावर लिहून घ्या, आणि बिलावर कारागिराचं नाव घाला म्हणून सांगा.

माझे आजोबा सयाजीराव महाराजांनी 1890 साली काढलेल्या कलाभवनात रंगाई शिकले होते. दगड फिरवणाऱ्या त्या म्हाताऱ्या खराद्याला मी ते सांगितलं. तो म्हणाला, "दक्षिणी छो ने? बेसो, चा पीवो." (मराठी ना तुम्ही? बसा, चहा घ्या.) हिंचका सात आठवड्यांनी मिळेल म्हणाला. नऊ लागले. पुतणीने तेवढे दिवस बैठकीत सतरंजी अंथरली.