दशांश देताय? मग या चुका टाळा

बारा वर्षं मी आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, खजिनदार होते. रविवारची भक्ती संपली की आम्ही तिघं व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या बाजूच्या खोलीत, बसून दशांशाची (मिळकतीचा देवाला द्यायचा दहावा भाग) पाकिटं फोडायचो, मोजायचो, वहीत लिहायचो. लोक बदलतात पण चुका त्याच, आणि दर वर्षी नवीन तरुणांना तेच सांगून कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे जे मिळालंच नाही त्याचा दशांश देणं. आमच्याकडे एक मुलगा होता, नवीनच नोकरी, हातात पगार २२ हजार. त्याने मोबाइलवर कुणाचं तरी प्रवचन ऐकलं की जेवढा पगार हवाय तेवढ्याचा दशांश आधी द्या, देव मग तेवढा पगार देतोच. याला ५० हजार हवे होते, म्हणून दर महिन्याला पाकिटात ५ हजार. मी वहीत लिहीत गेले, एकदाही विचारलं नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं. सात महिन्यांनी त्याची आई रडत व्हेस्ट्रीत आली. पोरगा लोनच्या ॲपवरून कर्ज काढून दशांश देत होता, वसुलीवाले आता तिला आणि नातेवाइकांना फोन करत होते, घरभाडं तीन महिने थकलेलं.

पाळकसाहेबांनी (आमचे पास्टर) विषय कमिटीपुढे ठेवला, गरीब निधीतून भाडं भरलं, आणि मी त्याला वही घेऊन समोर बसवलं. तो म्हणाला, "मावशी, बायबलात मलाखीच्या पुस्तकात देवच म्हणतो ना, माझी परीक्षा पाहा, मी आकाशकपाटे उघडतो?" म्हटलं बाळा, त्याच ओवीची सुरुवात वाच, माझ्या मंदिरात अन्न असावं म्हणून दशांश भांडारात आणा असं आहे. आणि बायबलातल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाचा १४ वा अध्याय काढ. दर वर्षी शेतात जे पिकलं त्याचा दहावा भाग, न पिकलेल्याचा कुठेच नाही. शिवाय दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, लेवी (मंदिराची सेवा करणारा वंश), परदेशी, अनाथ, विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. म्हणजे अडलेल्या माणसाला त्यातून मिळायचं. अडलेल्याने कर्ज काढून भरायचं, हे या प्रवचनवाल्यांनी काढलं कुठून? झटपट आशीर्वादाचा असला हिशोब शिकवणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे, कारण तो मुलगा पुढे वर्षभर चर्चची पायरी चढला नाही.

दुसरी चूक, "महिनाअखेर उरलं तर देऊ". उरत नाही, कधीच उरत नाही. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १६) यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठीच्या वर्गणीबद्दल सांगितलंय की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. ती वर्गणी दशांश नव्हती, पण सवय तीच लावा. माझं म्हणाल तर पगार झाला की त्याच दिवशी दहावा भाग काढून स्टीलच्या डब्यात, किराणा नंतर. अडचणीला डब्यातले पैसे घेतले तर परत ठेवताना पाचवा हिस्सा जास्त ठेवते, हजार घेतले तर बाराशे. हे माझ्या मनाचं नाही, बायबलच्या लेवीय पुस्तकात २७:३१ मध्ये दिलेला दशांश पैसे भरून परत घेणाऱ्याला हाच नियम आहे. दोनदा बाराशे भरले की हात आपोआप डब्याकडे जायचा थांबतो.

दशांश हातात आलेल्या पगारावर द्यायचा की कपातीच्या आधीच्या? मी हातात आलेल्यावर देते आणि पीएफ मिळेल तेव्हा त्याचा वेगळा, यावरून भांडत बसू नका. कांदा, कापूसवाल्यांनी बी-बियाणं, खत, मजुरी वजा करून द्यावं असं माझं मत, पण तोट्याच्या वर्षी अपराधी वाटून घेऊ नका.

पाळकांवर किंवा कमिटीवर राग म्हणून दशांश अडवून ठेवणारे कमिटीच्या दर इलेक्शनला निघतात. राग असेल तर मीटिंगमध्ये उभं राहून बोला, हिशोब मागा, तो तुमचा हक्क आहे.

पंख्यावर किंवा बाकावर नाव घालून हवं असेल तर ती देणगी वेगळी द्या, दशांशातून नको.

आईवडिलांच्या औषधाला पैसे नाहीत आणि चर्चला मात्र पूर्ण दशांश, हे बघितलं की मार्क ७ मधलं "कुर्बान" आठवतं, म्हणजे आईवडिलांच्या मदतीचे पैसे देवाला वाहिले असं सांगून हात वर करणं, येशूने परूश्यांना (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) नेमकं त्यावरूनच सुनावलं होतं. मत्तय २३:२३ पण वाचा, तेच परूशी पुदिना, शेप, जिऱ्याचाही दशांश देत होते आणि न्याय, दया, विश्वास सोडून दिलेला.

नवऱ्यापासून किंवा बायकोपासून लपवून देऊ नका. एका घरात तर पाकिटावरून भांडण होऊन दोघं वेगवेगळ्या चर्चला जायला लागले.

आणि क्यूआरवर पैसे टाकताना नाव, महिना आणि "दशांश" एवढं लिहाच, नाहीतर खजिनदार ते साध्या अर्पणात धरतो आणि वर्षअखेर तुम्ही येऊन विचारता माझं नाव यादीत का नाही.