मूळ भयपट आणि त्याचा अमेरिकन रिमेक: जोडीनं कसे बघावेत

दोन्ही एकाच रात्री लावू नका. जपानी 'रिंगू' (1998) साधारण 96 मिनिटांचा आहे आणि अमेरिकन 'द रिंग' (2002) 115 मिनिटांचा. जेवणं आटोपून बसलात तर मध्यरात्र उलटते. दुसऱ्या चित्रपटाची भीतीही वाटत नाही, 'हे बदललं, ते तसंच ठेवलं' एवढीच मोजदाद उरते. मध्ये आठवडाभर जाऊ द्या.

आधी मूळ बघा. अमेरिकन रिमेकला कारण सांगायची फार हौस असते: भूत कुठलं, त्याचं काय बिनसलं, कुणी काय केलं. ते एकदा कानावर पडलं की मूळ चित्रपटात मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या जागा आपण नकळत भरून टाकतो. मूळ आधी बघितलं की हे नुकसान होत नाही. सवलत फक्त सबटायटल झरझर वाचता न येणाऱ्यांना. आपल्या बेळगाव सीमाभागात एकाच घरात आजी देवनागरी वाचणारी आणि नातू कन्नड माध्यमातला असतो, आणि इंग्रजी ओळी दोघांनाही जड जातात. अशा घरात रिमेक आधी लावला तरी चालेल, कथा माहीत झाली की वाचायचं ओझं कमी होतं. मात्र कुणी मोठ्यानं वाचून दाखवायचं, असं ठरवू नका. वाचणाऱ्याची नजर पडद्याच्या तळाशी अडकते आणि ऐकणाऱ्यांना शांतताच मिळत नाही.

हाताला सवय म्हणून पहिली जोडी सबटायटलशिवायची घ्या: मराठी 'लपाछपी' आणि त्याचाच हिंदी अवतार 'छोरी' (2021). दोन्हींचा दिग्दर्शक एकच, विशाल फुरिया. दोन्हीकडे गरोदर बाई आणि चारी बाजूंनी ऊस. निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला उभ्या उसात चार सऱ्या आत गेल्यावर दिशा कशी हरवते हे सांगावं लागत नाही. रिमेक ही गोष्टही आपल्याला नवी नाही. मल्याळम 'मणिचित्रताळ' (1993) कन्नडमध्ये 'आप्तमित्र' (2004), तमिळमध्ये 'चंद्रमुखी' (2005) आणि हिंदीत 'भूल भुलैया' (2007) होऊन आला. यातला 'आप्तमित्र' आणि 'भूल भुलैया' दोन्ही पाहिलेली माणसं बेळगावात सहज सापडतील.

आता योग्य प्रत शोधणं. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो, कारण बऱ्याच जोड्यांची इंग्रजी नावं एकच आहेत. 'द आय' म्हणजे पांग बंधूंचा 2002 चा हाँगकाँगमधला आणि जेसिका अल्बाचा 2008 चा. 'शटर' 2004 चा थाई आणि 2008 चा अमेरिकन. 'डार्क वॉटर' 2002 चा हिदेओ नाकाता यांचा आणि 2005 चा वॉल्टर सालेस यांचा. 'द ग्रज' तर आणखी गुंतागुंतीचा: 2000 चे जपानी व्हिडिओपट, मग चित्रपटगृहासाठी केलेला 'जु-ऑन', 2004 चा अमेरिकन आणि 2020 चा पुन्हा अमेरिकन. त्यामुळे नावावर जाऊ नका. वर्ष, दिग्दर्शक आणि ऑडिओची भाषा या तीन गोष्टी जुळल्या तरच लावा. मूळ चित्रपटाला हिंदी डबिंग उपलब्ध असलं तरी टाळा, डब करताना श्वास, कुजबुज आणि खोलीतले बारीक आवाज बरेचदा दबतात.

सबटायटल आदल्या दिवशी तपासा. सुरुवातीची पाच मिनिटं, मधली पाच आणि शेवटची पाच, असं तीन ठिकाणी बघायचं. सगळीकडे सारखाच उशीर असेल तर 'व्हीएलसी' प्लेयरमध्ये कीबोर्डवरचं 'जी' दाबल्यावर ओळ लवकर येते आणि 'एच' दाबल्यावर उशिरा, प्रत्येक वेळी 50 मिलिसेकंदांनी. पण सुरुवातीला जुळतंय आणि शेवटाकडे फरक वाढत जातोय, तर दोष वेगाचा आहे. युरोपातल्या डीव्हीडी सेकंदाला 25 फ्रेमनं चालतात, इतर प्रती बहुधा 23.976 नं. फरक सुमारे 4 टक्क्यांचा, म्हणजे 96 मिनिटांचा चित्रपट 92 मिनिटांत संपतो आणि शेवटी ओळी चार मिनिटं मागे पडतात. अशा वेळी 'जी' आणि 'एच' कितीही दाबून उपयोग नाही. 'सबटायटल एडिट' या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइलचा फ्रेम-दर बदलून घ्या. मराठी किंवा कन्नड फाइलमध्ये अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसली तर ती 'यूटीएफ-8' या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा.

ओळींचा दर्जाही बघावा लागतो. स्वीडिश 'लेट द राइट वन इन' (2008) ची अमेरिकेतली पहिली डिस्क निघाली तेव्हा तिच्यावरची सबटायटल इतकी सपाट केलेली होती की प्रेक्षकांनी ओरड केली, आणि नंतरच्या प्रतींवर चित्रपटगृहातली सबटायटल परत आली. जुनी डिस्क हाती पडली तर पाकिटावर कोणती आहेत ते बघून घ्या.

टीव्हीवर 'मोशन स्मूदनिंग' बंद करा. सॅमसंगमध्ये ते 'ऑटो मोशन प्लस', एलजीत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो' या नावानं असतं. ते चालू राहिलं तर चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो आणि अंधारातली हालचाल खोटी वाटते. चित्र 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोडवर ठेवा. स्वस्त प्रोजेक्टरपेक्षा 43 इंची टीव्ही बरा, कारण भयपटाचं अर्धं काम काळ्या रंगावर चालतं आणि स्वस्त प्रोजेक्टर काळ्याचा राखाडी करतो. सहा फुटांच्या आत बसा. खोली पूर्ण अंधारी नको असेल तर झिरोचा दिवा टीव्हीच्या मागे लावा, समोर नाही.

आवाज ठरवताना दहाव्या मिनिटाला साधं बोलणं नीट ऐकू येईल एवढा ठेवा आणि मग रिमोट लपवून टाका. रिमेकमध्ये दचकवणारे ठोके फार मोठे असतात, लोक घाबरून आवाज कमी करतात आणि पुढचे संवाद हुकतात. गळिताच्या हंगामात रस्त्याकडेच्या घरात बसू नका. उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी स्पॅनिश 'रेक'सारख्या पार्श्वसंगीत नसलेल्या चित्रपटाचा जीव घेतात. खानापूरकडे पावसाळ्यात पत्र्याखाली तीच अडचण, अपवाद 'डार्क वॉटर'चा. छतातून गळणाऱ्या पाण्यावरच तो उभा आहे, बाहेरचा पाऊस त्याला पोसतो. लाईट जाणार हे धरून चाला. इन्व्हर्टरवर टीव्हीबरोबर राउटरही घ्या, आणि थांबलेला चित्रपट पुन्हा लावताना तीन मिनिटं मागून सुरू करा, ताण तिथल्या तिथे परत येत नाही.

पहिल्या रात्री काही लिहू नका. दुसऱ्या रात्री कागद घ्या आणि नोंदवा: भुताचा चेहरा कितव्या मिनिटाला दिसला, कारण कुणी सांगितलं, संगीत कुठे थांबलं. 'रिंग'च्या जोडीत हे सर्वांत चांगलं उघडतं. 'रिंगू'मध्ये पत्रकार बाईच्या घटस्फोटित नवऱ्याला अतींद्रिय शक्ती आहे, तो हात लावतो आणि त्याला दिसतं. रिमेकमधल्या नोआकडून ती शक्ती काढून घेतली. मग सगळं शोधून काढावं लागतं: कथेतल्या शापित व्हिडिओ टेपच्या कडेला दडलेलं चित्र, वर्तमानपत्रं, दवाखान्याची कागदपत्रं. वाढलेल्या मिनिटांतली बरीच इथे जातात. घोड्यांचं प्रकरण पूर्ण अमेरिकन आहे, जपानी चित्रपटात त्या जागी ज्वालामुखीचं भाकीत करणारी आई आहे. सादाकोचा, म्हणजे भुताचा, चेहरा मूळ चित्रपट देतच नाही, केसांतून एक डोळा तेवढा दिसतो. तिची ती अडखळती चाल नटीला उलटं चालवून फिल्म मागून पुढे फिरवल्यानं आली, हे माहीत असूनही अंगावर काटा येतो. पोरांना मात्र आधीच सांगून ठेवा की व्हिडिओ कॅसेटची दुसरी प्रत काढायला दोन मशिनं लागत. व्हीसीआर भाड्यानं आणून रात्रभर बघणारी पिढी घरात असेल तर ते काम तिच्यावर सोपवा. कथेचा शेवट त्याच गोष्टीवर टांगलेला आहे.

यानंतर 'लेट द राइट वन इन' आणि मॅट रीव्हजचा 'लेट मी इन' (2010) घ्या. मूळमध्ये बोलणं कमी आहे, म्हणून सबटायटलला नवख्या घरात खरं तर हीच परदेशी जोडी आधी चालेल. रिमेकमध्ये गाडीच्या मागच्या सीटवरून घेतलेला अपघाताचा प्रसंग बघा, तो मूळमध्ये नाही आणि मूळपेक्षा उणाही नाही. 'जु-ऑन' आणि 2004 चा 'द ग्रज' दोन्ही ताकाशी शिमिझू यांचेच. कायाको या भुताची नटी तीच आणि अमेरिकन चित्रपटही तोक्योतच घडतो, फक्त घाबरणारी माणसं बदलली. स्पॅनिश 'रेक' (2007) आणि 'क्वारंटाइन' (2008) यांत मात्र पंधरा दिवसांचं अंतर ठेवा, प्रसंगामागून प्रसंग जवळजवळ तसाच आहे, फरक रोगाच्या कारणात. 'क्वारंटाइन'चं पोस्टर किंवा ट्रेलर कुणाला दाखवू नका, शेवटचा शॉट त्यातच दिलाय. डॅनिश 'स्पीक नो इव्हिल' (2022) आणि 2024 च्या रिमेकचे शेवट वेगळ्या दिशेला जातात. डॅनिश चित्रपट दुबळ्या मनाच्या पाहुण्यांना दाखवू नका.

हे सगळं घरच्या माणसांपुरतं. ओटीटीचं सदस्यत्व आणि घरगुती डिस्क वैयक्तिक पाहण्यासाठी असते. मंडळाच्या किंवा वाचनालयाच्या सभागृहात लावायचं तर हक्कधारकाची लेखी परवानगी आणि सेन्सॉर प्रमाणपत्र आधी लागतं. लहान मुलांना झोपवूनच सुरू करा.

वेळ कमी असेल तर 'पल्स' (2006) आणि 'वन मिस्ड कॉल' (2008) हे अमेरिकन रिमेक सोडा. त्यांची जपानी मूळं, विशेषतः कियोशी कुरोसावा यांचा 'काइरो' (2001), एकटीच बघितली तरी पुरे.