गाडीचं इंजिन बदलायचंय? आधी आरसी वाचा, मग पाना हातात घ्या

मारुती ८००मध्ये एस्टीमचं इंजिन, पहिल्या जिप्सीत १.३ लिटरचं इंजिन, पद्मिनीत निसानचं इंजिन. मुंबईतल्या गॅरेजांमध्ये अशी कामं वर्षानुवर्षं होत आली आहेत आणि ती करणाऱ्या मेकॅनिकांच्या हातात कला आहे, यात शंका नाही. अडचण दुसरीकडे आहे. इंजिन बसतं, गाडी मस्त पळते, पण सरकारी नोंदीतली गाडी वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी होऊन बसते. मग विकताना, पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग करताना किंवा अपघातानंतर विम्याचा सर्वेअर इंजिन नंबर पाहतो तेव्हा सगळं बाहेर येतं. तोवर गेलेले पैसे परत मिळत नाहीत.

म्हणून आरटीओची मंजुरी आधी आणि काम नंतर, हाच क्रम ठेवा.

आधी खरंच इंजिन बदलायला हवंय का, ते ठरवा

धूर येतोय, ऑइल खातंय, पिकअप गेलाय, म्हणून लगेच दुसरं इंजिन शोधायला निघू नका. इंजिन नंबर असतो ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर. ब्लॉक तोच ठेवून हेड उतरवलं, बोअर मारून (सिलिंडरचं भोक थोडं मोठं करून) पिस्टन-रिंगा बदलल्या, क्रँक घासून नवे बेअरिंग घातले, तर ती दुरुस्ती झाली. आरसीवरचं, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचं, एक अक्षरही बदलत नाही, त्यामुळे मंजुरीचा प्रश्न येत नाही. चांगला लेथवाला मिळाला तर हे काम अनेकदा अनोळखी सेकंडहँड इंजिनापेक्षा जास्त टिकतं. ब्लॉकला तडा गेला असेल किंवा बोअरला आणखी जागाच उरली नसेल, तरच पुढचं वाचा.

आरसीवर काय लिहिलंय, ते एका कागदावर उतरवा

इंजिन नंबर, चेसिस नंबर, इंधन, घनक्षमता, सिलिंडरची संख्या, रिकाम्या गाडीचं वजन, उत्सर्जनाचा निकष. बसवायच्या इंजिनाचे तेच आकडे शेजारी मांडा. फक्त इंजिन नंबर बदलत असेल तर रस्ता सरळ आहे. क्षमता, सिलिंडर किंवा इंधन यातलं काही बदलत असेल तर वाट बिकट होते, आणि काही बाबतीत बंदच होते.

याचं कारण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहे. निर्मात्याने मुळात ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये, असं ते कलम सांगतं. ‘बदल’ म्हणजे काय तेही तिथेच स्पष्ट केलंय: गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे तिचं मूळ स्वरूप बदलतं. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हे आणखी पक्कं केलं. निर्मात्याने ठरवलेली मूळ वैशिष्ट्यं बदलतील असा फेरफार चालणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्येक बदलासाठी, हे लक्षात घ्या.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. परदेशी व्हिडिओ पाहून अनेक तरुण विचारतात, एखाद्या इंजिनिअरकडून प्रमाणपत्र घेतलं तर चालेल ना? ऑस्ट्रेलियात तशी व्यवस्था खरोखर आहे. तिथे व्हीएसबी १४ नावाची राष्ट्रीय संहिता आहे. मान्यताप्राप्त इंजिनिअर तुमची एकच गाडी तपासतो, इंजिनाचं वजन, माउंटिंग, ब्रेक, चेसिसवरचं वेल्डिंग पाहतो आणि दाखला देतो. आपल्याकडे खासगी गाडीसाठी असा मार्ग नाही. आपल्याकडे मंजुरी मिळते ती डिझाइनला किंवा किटला, आणि ती देतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खालच्या चाचणी संस्था: पुण्याची एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट वगैरे. चार्टर्ड इंजिनिअरच्या लेटरहेडवरचा दाखला विम्याच्या वादात कदाचित उपयोगी पडेल, पण आरटीओच्या खिडकीवर तो मंजुरीची जागा घेत नाही. ‘मी सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी हे आठवा.

खुले रस्ते कोणते

पहिला आणि सर्वांत सोपा: त्याच मॉडेलचं, त्याच क्षमतेचं, त्याच इंधनाचं इंजिन.

दुसरा, सीएनजी किंवा एलपीजी किट. इंजिन तेच राहतं, इंधन बदलतं. किट प्रकार-मंजुरी मिळालेलं हवं आणि तुमच्या गाडीच्या क्षमतेसाठी मंजूर झालेलं हवं. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने बीएस-६ (भारत स्टेज ६ या उत्सर्जन निकषाच्या) पेट्रोल गाड्यांनाही हा मार्ग खुला झाला. शिवाय साडेतीन टनांखालच्या बीएस-६ डिझेल गाड्यांचं इंजिन काढून मंजूर सीएनजी किंवा एलपीजी इंजिन बसवण्याची सोय झाली. इंजिन अदलाबदलीचा हा सरळसरळ कायदेशीर प्रकार असूनही त्याची माहिती फार थोड्यांना आहे.

तिसरा, इलेक्ट्रिक किट. त्याचं मानक एआयएस-१२३. त्यासाठी गाडी १ जानेवारी १९९० किंवा त्यानंतर बनलेली हवी. किट चाचणी संस्थेने मंजूर केलेलं हवं आणि बसवणारा किट-उत्पादकाने नेमलेला हवा. १९९० नंतरची पद्मिनी या मार्गाने जाऊ शकते, पण तिच्यासाठी मंजूर झालेलं किट बाजारात आहे का, ते आधी विचारा.

८००मध्ये एस्टीमचं इंजिन या तिन्हींत कुठेच बसत नाही. ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या जागी १२९८ सीसी, चार सिलिंडर. मला ही जोडी आवडते, हे मान्य करतो. पण रस्त्यावरच्या गाडीसाठी तिला मंजुरी मिळवून देतो असं कुणी म्हणालं, तर विश्वास ठेवू नका. आणि पन्नास वर्षांहून जुनी गाडी असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. परक्या गाडीचं इंजिन बसवलं की व्हिंटेज नंबरप्लेटवर पाणी सोडावं लागेल.

कटर काढावा लागला तर थांबा

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण गॅरेजमध्ये याच टप्प्यावर सगळं हातातून निसटतं.

महिंद्रा जीप किंवा जिप्सीला शिडीसारखी वेगळी चेसिस असते. ८००, पद्मिनी, अँबेसेडर यांना ती नसते. त्यांचा पत्र्याचा सांगाडा हीच चेसिस. समोरचे दोन साइड मेंबर (उभ्या पट्ट्या), खालचा क्रॉसमेंबर (आडवी पट्टी), बाजूचे अ‍ॅप्रन आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) मिळून इंजिनाचं वजन, सस्पेन्शनचे धक्के आणि समोरून टक्कर झाल्यावरचा मार, हे सगळं पेलतात. मोठं इंजिन बसवायला क्रॉसमेंबर कापला, फायरवॉल ठोकून आत ढकलली, नवं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं तो आधार) वेल्ड केलं, की टक्करीचा जोर कुठून कुठे जाईल याचं निर्मात्याने केलेलं गणित मोडतं. वेल्डिंगच्या उष्णतेने आजच्या गाड्यांमधलं जास्त ताकदीचं पोलाद आसपास मऊही पडतं.

ब्रेकचंही तेच. जुनी ८०० साधारण ३७ हॉर्सपॉवरची, एस्टीमचं एमपीएफआय (इंधन फवारणारं) इंजिन ८५ चं. ब्रेक, स्टेअरिंग, टायर सगळे त्या ३७ च्या हिशेबाने दिलेले. सी-लिंकवरून येताना समोरचं ट्रॅफिक अचानक थांबलं, तर हा फरक मागे बसलेल्या माणसांच्या जिवावर येतो.

म्हणून मेकॅनिकला काम देण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘कंपनीच्या मूळ फाउंडेशनवर, मूळ भोकांत, मूळ बोल्टने बसतंय का?’ बसत असेल तर पुढे चला. ‘थोडा पत्रा कापावा लागेल’ असं उत्तर आलं, तर तो रचनेतला बदल आहे आणि त्याला इथे मंजुरी नाही.

मुंबईच्या गाड्यांत मात्र एक काम कापल्याशिवाय होत नाही, ते म्हणजे गंज. खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा क्रॉसमेंबर आणि अ‍ॅप्रन आतून खातात. इंजिन बाहेर काढलेलं असतानाच टॉर्च घेऊन हे सगळं पाहा, हातोडीने हलकं ठोकून बघा. सडलेला भाग कंपनीच्याच मापाच्या पॅनेलने बदलणं ही दुरुस्ती आहे, आणि ती जरूर करावी. बिल आणि आधी-नंतरचे फोटो ठेवा, म्हणजे निरीक्षकाला वेल्डिंग दिसलं तर दाखवायला पुरावा असेल.

इंजिन कुठून घ्यायचं

नवं घेतलं तर अधिकृत डीलरचं जीएसटी बिल पुरतं. काही वेळा नवा ब्लॉक नंबराशिवाय येतो. अशा वेळी नंबर कुणी आणि कसा पाडायचा, हे आरटीओला लेखी विचारा. गॅरेजमधल्या पंचने स्वतः नंबर पाडू नका. असा नंबर फेरफार केलेला दिसतो आणि प्रकरण पोलिसांकडे जाऊ शकतं.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून सेकंडहँड घेत असाल तर स्वस्तात मिळेल, पण ते कोणत्या गाडीतून निघालं हे कळल्याशिवाय पैसे देऊ नका. त्या गाडीचा नोंदणी क्रमांक, तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि विक्रेत्याचं सही-शिक्क्याचं बिल मागा. बिलावर इंजिन नंबर लिहिलेला हवाच. मग राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर तो नंबर टाकून चोरीच्या गाडीचा नाही ना, ते तपासा आणि त्याचा दाखला छापून ठेवा. नंबरावर ग्राइंडरची खूण दिसली, तर इंजिन कितीही चांगलं वाजत असलं तरी हात लावू नका.

आरटीओतलं काम

ज्या भागात राहता तिथलं कार्यालय: ताडदेव एमएच-०१, अंधेरी एमएच-०२, वडाळा एमएच-०३, बोरिवली एमएच-४७. गाडी पुण्या-नाशिकची असेल आणि तुम्ही आता इथे राहत असाल, तर आधी पत्ता बदलून घ्या, नाहीतर फाइल दोन कार्यालयांत फिरत राहील. कर्ज चालू असेल, म्हणजे आरसीवर बोजा असेल, तर बँकेची लेखी संमती लागते.

परिवहनच्या पोर्टलवर वाहनात बदल करण्याची सेवा आहे. तिथे अर्ज आणि फी भरून प्रत काढा. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, इंजिनाचं बिल, जुनं इंजिन असेल तर चोरीचं नसल्याचा दाखला, आणि बँकेची संमती. मी यात नेहमी एक साधा अर्ज मराठीत जोडायला सांगतो: जुनं इंजिन का बदलतोय, नवं कोणतं, दोन्हींचे आकडे शेजारी-शेजारी, आणि ‘रचनेत कोणताही बदल नाही, मूळ फाउंडेशनवरच बसवणार’ हे वाक्य. निरीक्षकाचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

मंजुरीचा शेरा लेखी मिळाल्यावरच गाडी गॅरेजमध्ये द्या. ‘करून आणा, मग बघू’ या तोंडी शब्दावर काम सुरू करू नका. इंजिन अचानक जाम झालं आणि आधीच बदलावं लागलं, तर कलम ५२ नुसार बदलाच्या तारखेपासून १४ दिवसांत आरसीसह कळवणं बंधनकारक आहे. ही मुदत पाळा.

तपासणीला नेण्याआधी इंजिन पुसून नंबर स्वच्छ करा. मोटार वाहन निरीक्षक इंजिन आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट घेतात, बिलाशी ताडतात, फाउंडेशन, गळती, वायरिंग, सायलेन्सर पाहतात. ब्लॉकवरची जागा अडचणीची असेल, तर मेकॅनिकला सोबत घेऊन जा. मंजुरी झाली की नव्या इंजिन नंबराची आरसी येते. आल्या आल्या अक्षर न् अक्षर तपासा. एका आकड्याची चूक नंतर दुरुस्त करणं नव्या अर्जाइतकंच काम आहे.

त्याच दिवशी विमा कंपनीला नवा नंबर कळवा आणि पॉलिसीवर तशी नोंद करून घ्या. थर्ड पार्टीचा हप्ता क्षमतेवर ठरतो: जून २०२२ च्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, त्यापुढे १५०० सीसीपर्यंत ३,४१६. ८००मध्ये गुपचूप १२९८ सीसी बसवणाऱ्याचा दावा विमा कंपनी का अडवते, ते या दोन आकड्यांत दिसतं. सीएनजी केलं असेल तर किटचीही नोंद पॉलिसीत हवी आणि गॅस सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी चुकवू नका.

आधीच बदललेली गाडी विकत घेत असाल तर

बॉनेट उघडून ब्लॉकवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि आरसीशी जुळवा. जुळत नसेल, तर मालकाला आधी नोंद करून द्यायला सांगा, व्यवहार नंतर. क्षमताच वेगळी असेल, तर मूळ प्रकारचं इंजिन परत बसवून, त्याची नोंद करून, मगच गाडी नावावर घ्या. त्या कामाचा खर्च किमतीतून वजा करायचा. मालक तयार नसेल, तर गाडी सोडून द्या.