वाचायला वेळ कुठून आणायचा: रावपुऱ्यातल्या काउंटरमागून

बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका औषधांच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे. काउंटरच्या खालच्या कप्प्यात, बिलबुकांच्या शेजारी, माझं चालू पुस्तक असतं. ते दिसलं की गिऱ्हाईक विचारतात, "बेन, तुम्हाला वाचायला टाइम कधी मिळतो?" मराठी माणूस असेल तर बेनच्या जागी ताई, प्रश्न तोच. उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. परीक्षेसाठी किंवा बढतीसाठी वाचायचं असेल तर त्याचे नियम वेगळे. मी बोलतेय ते कुणी न सांगता, निव्वळ आवडतं म्हणून वाचण्याबद्दल.

सगळ्यात आधी डोळे तपासून घ्या. वेळेचं बोलता बोलता मी डोळ्यांवर आले याचं आश्चर्य वाटेल, पण मी रोज बघते. पंचेचाळिशीच्या आसपासचा माणूस गोळ्यांची स्ट्रिप हात लांब करून धरतो, डोळे बारीक करतो आणि शेवटी माझ्यापुढे ठेवतो, "जरा एक्स्पायरी वाचून सांगा ना." हाच माणूस पुढे म्हणतो की हल्ली वाचनात मन लागत नाही. मन कसं लागणार? दहा मिनिटांत कपाळ दुखायला लागतं, ओळ सुटते, तो पुस्तक मिटतो आणि आपल्याला वेळच नाही अशी स्वतःची समजूत घालतो. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं अंधुक दिसायला लागतं. हे प्रत्येकाचं होतं. रस्त्यावरचा तयार चष्मा घेऊन भागवू नका. दोन्ही डोळ्यांचा नंबर बऱ्याचदा वेगळा असतो, आणि तयार चष्म्यात दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात असताना नंबर काढून घ्या, कारण साखर वरखाली झाली की नंबरही हलतो. शिवाय वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासायलाच हवा. परवडत असेल तर वाचायचा दुसरा चष्मा करून तो पुस्तकापाशीच ठेवा. चष्मा शोधण्यात गेलेली पाच मिनिटं त्या दिवसाचं वाचन संपवतात. दिवा मागून, खांद्यावरून पानावर पडेल असा लावा. आणि ॲलर्जीच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते. त्या चालू असतील तर पुस्तकाला दोष देऊ नका.

दुसरी गोष्ट खास बडोद्याच्या मराठी घरांसाठी. आमच्यातले कितीतरी जण गुजराती शाळेत शिकले, त्यानंतरची पिढी इंग्रजीत. घरात मराठी, पण हातात मराठी पुस्तक घेतलं की वेग अर्ध्यावर येतो. माझंही शिक्षण गुजरातीतून झालं. देवनागरी येत होती, हिंदीमुळे सवयही होती, पण मराठीची लांब वाक्यं आणि जोडाक्षरं डोळ्यांना ओळखीची नव्हती. गुजराती पान ज्या वेळात उरकायचं त्या वेळात मराठीचं अर्धंच व्हायचं, आणि गोष्टीत रंग भरण्याआधीच उठायची वेळ यायची. पुष्कळांच्या "वेळ नाही"च्या मागे ही संथ गती असते, असं माझं ठाम मत आहे.

त्यावर एकच उपाय मला लागू पडला: मोठ्याने वाचणं. माझ्या सासूबाईंना आता छापील अक्षर दिसत नाही. रात्रीची जेवणं झाली, ओटा आवरला की आई झोपाळ्यावर बसतात, मी शेजारी, आणि साधारण वीस मिनिटं मी वाचते. मोठ्याने वाचताना ओळ गाळता येत नाही. वाक्य कुठे श्वास घेतं ते तोंडाला कळतं. माझा एखादा उच्चार गुजराती वळणाचा झाला की आई तिथल्या तिथे सुधारून देतात आणि "हं, पुढे" म्हणतात. काही महिन्यांत मनातल्या मनात वाचायचा माझा वेगही आपोआप वाढला, कारण डोळ्यांनी पाहिलेला शब्द आता कानांच्याही ओळखीचा झाला होता. घरात ऐकणारं कुणी नसेल तर एकट्याने वाचा. लहान मूल असेल तर उत्तमच. पुस्तक मात्र सोप्या बोलीचं, संवाद भरपूर असलेलं घ्या. वर्णनांनी लदलेली ऐतिहासिक कादंबरी पहिल्याच फटक्यात उचलू नका, मग घरात तिची कितीही तारीफ झालेली असो.

आणि आपण फार उशिरा सुरुवात करतोय असं वाटत असेल तर ज्यांच्या गावात राहतो त्यांना आठवा. १८७५ साली नाशिककडच्या कवळाणे गावाहून बारा वर्षांचा गोपाळ बडोद्याला दत्तक आला, तेव्हा त्याला धड अक्षरओळखही नव्हती. तोच पुढे सयाजीराव महाराज म्हणून मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा भाषा शिकला, आणि १९०६ मध्ये त्याने आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पण शाळा सुटल्यावर माणूस वाचायचंच विसरला तर काय उपयोग? म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले आणि गावोगावी मोफत वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या जायच्या. एका गावाने वाचल्या की पुढच्या गावाला. महाराजांनी स्वतःच्या राजवाड्यातला हजारो पुस्तकांचा संग्रहही लोकांसाठी देऊन टाकला. हे सगळं ज्या शहरात घडलं, तिथल्या माणसाने पुस्तक मिळत नाही म्हणावं याचं मला फार वाईट वाटतं.

मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आजही आहे, आणि तिथे गुजरातीबरोबर मराठीही पुस्तकं आहेत. एकदा तरी आत जाऊन या. तिथल्या पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून. सभासद व्हायला काय लागतं ते तिथल्या टेबलावर विचारा, आणि मग ठरावीक वारी जायची सवय लावा. विकत घेतलेलं पुस्तक वर्षानुवर्षं कपाटात वाट बघत बसतं, लायब्ररीचं पुस्तक परत करायची तारीख घेऊन येतं. वाचायला लावायचं काम ती तारीख करते. पुस्तक निवडताना मी कपाटाशी उभी राहून मधलंच कुठलंतरी पान उघडते आणि दोन परिच्छेद वाचते. पहिलं पान प्रत्येक लेखक जीव ओतून लिहितो, मधल्या पानावर त्याची रोजची चाल कळते. ती आवडली तर घरी आणायचं.

पैसे घालायचे नसतील तर आणखी एक वाट आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या लिखाणाचा कॉपीराइट संपतो. असं कितीतरी जुनं मराठी साहित्य मराठी विकिस्रोत या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं, आणि फोनवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. ज्यांचे डोळे थकले आहेत त्यांना याचा फार आधार होतो.

आता वेळ. सलग तास मिळेल मग वाचू, असं म्हणणाऱ्याला तो तास कधीच मिळत नाही. माझ्या दिवसात तरी असा तास नाही. दुपारी दोननंतर रावपुरा सुस्तावतो, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं, पण असतंच. कधी कुणी बाळाच्या तापाचं औषध मागतं, कधी कुणी इन्सुलिन. वाचन मोडणारच, हे धरूनच मी बसते. मोडलेलं पुन्हा जोडायचं कसं, एवढं शिकलं की दहा-दहा मिनिटंही पुरतात. माझी रीत अशी: हाक आली की जिथे आहे त्या ओळीशेजारी पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायचा (लायब्ररीच्या पुस्तकात नाही, तिथे गोळ्यांच्या रिकाम्या खोक्याची पट्टी कापून ती ओळीखाली धरून ठेवायची). परत आल्यावर ठिपक्यापासून वाचायला घ्यायचं नाही, एक परिच्छेद मागे जायचं. तो परिच्छेद तुम्हाला पुन्हा आत नेतो. थेट पुढची ओळ वाचली तर डोळे सरकतात आणि डोकं इन्सुलिनच्या फ्रीजपाशीच राहतं.

दुकानातलं आणि घरातलं पुस्तक मी वेगळं ठेवते, तेही वेगळ्या जातीचं. काउंटरवर कथा, ललित लेख, पत्रं, प्रवासवर्णन, म्हणजे तुकड्यांत वाचलं तरी ज्याचं काही बिघडत नाही असं. दिवाळी अंक तर अशा वाचनाला फारच सोयीचे. मराठीत ही परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'च्या अंकापासूनची आहे, आणि एक चांगला अंक मला होळीपर्यंत पुरतो. कादंबरी घरी, झोपाळ्यावर. दोन कादंबऱ्या एकदम चालू ठेवू नका, पात्रं एकमेकांच्या घरात शिरतात.

घरातले तुकडे तुमचे तुम्ही शोधा, मात्र ते आधीच असलेल्या एखाद्या कामाला बांधा. "रोज सकाळी वाचेन" हे टिकत नाही. "कुकर लावला की पुस्तक उघडेन" हे टिकतं, कारण कुकर रोजच लागतो. पुस्तकाची जागाही त्या कामाच्या शेजारीच हवी. माझं एक पुस्तक स्वयंपाकघरात चहा-साखरेच्या डब्यांच्या वरच्या फळीवर असतं, पाण्यापासून आणि फोडणीपासून लांब. दिवसाला दहा पानं झाली तर महिन्याला तीनशे होतात, म्हणजे एक बऱ्यापैकी जाड कादंबरी. हा हिशोब एकदा मनात पक्का झाला की दहा पानं क्षुल्लक वाटत नाहीत. पण पानं मोजत वाचू नका. वर्षाला इतकी पुस्तकं असले संकल्प मला अजिबात पटत नाहीत. त्यात माणूस बारीक पुस्तकं शोधायला लागतो आणि आवडलेल्या पानावर रेंगाळायचं सोडून देतो.

फोनबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. एवढंच करा: चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर काढा. उशाशी फोन नसला की हात पुस्तकाकडे जातो.

आवडलं नाही तर पुस्तक सोडा, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. आपल्याकडे पानातलं अन्न टाकू नये असं वळण लागलेलं असतं, ते आपण पुस्तकांनाही लावतो. कंटाळवाणं पुस्तक अर्धवट पडून राहतं, ते संपल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही असं आपणच ठरवतो, आणि त्या एका पुस्तकापायी सगळं वाचन थांबतं. चाळीस-पन्नास पानं प्रामाणिकपणे द्या. नाही रुचलं तर परत करा. ते पुस्तक वाईट ठरत नाही, पाच वर्षांनी कदाचित तेच आवडेल. माझ्या मुलीला मी कधीच विचारत नाही की पुस्तक संपलं का. विचारते, "कुठे पोचलीस?" मग ती आपण होऊन गोष्ट सांगायला लागते. घरात वाचणारं दुसरं माणूस हवं असेल तर वाचलेल्यावर गप्पा मारा, तपासणी करू नका. पुस्तकांवर बोलायला घरी कुणी नसेल तर बाहेर शोधा. बडोद्यात मराठी वाचणारी माणसं कमी नाहीत. २०१८ साली एक्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच भरलं होतं, आणि पुस्तकांच्या मांडवात दांडिया बाजारातली, वाडीतली, कारेलीबागेतली किती घरं आहेत ते दिसलं होतं. लायब्ररीत मराठीच्या कपाटापाशी जो उभा असेल त्याच्याशी बोला. "हे वाचलंत का?" एवढं विचारलं तरी पुरतं.

वर्षाचे सगळे दिवस सारखे नसतात, हेही धरून चाला. नवरात्रात बडोद्यात रात्री वाचन होत नाही, आणि होऊही नये. गरबा रंगलेला असताना घरात बसून पानं उलटायची गरज नाही. त्या नऊ रात्री वाचन बंद, असं आधीच ठरवून टाका, म्हणजे मनाला टोचणी राहत नाही. पावसाळ्यात दुसरी काळजी. विश्वामित्री नदी चढली की सखल भागात पाणी थेट घरात येतं. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात कितीतरी घरांत पाणी शिरलं होतं. जूनच्या आधीच सगळ्यात खालच्या फळीवरची पुस्तकं वर चढवा. त्यातूनही एखादं भिजलंच तर उन्हात टाकू नका, पानं वाकतात आणि एकमेकांना चिकटतात. पानांत मधूनमधून कोरा शोषक कागद घालून पंख्याखाली उभं ठेवा आणि कागद बदलत राहा.

खंड पडल्यावर पुन्हा सुरू करायचं ते छोट्या गोष्टीने. नवरात्र, लग्नसराई, घरातलं आजारपण, कारण काहीही असो, अर्धवट राहिलेली मोठी कादंबरी लगेच हातात घेऊ नका. तिच्यातली नाती विसरलेली असतात आणि मागे जाऊन शोधायचा कंटाळा येतो. आधी एक कथा वाचा, एका बैठकीत संपेल अशी. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग कादंबरीकडे वळा, आणि सोडलेल्या प्रकरणाच्या सुरुवातीपासून पुन्हा वाचायला घ्या. एक पुस्तक संपत आलं की शेवटचं प्रकरण वाचायच्या आधीच पुढचं आणून ठेवायला विसरू नका. दोन पुस्तकांच्या मधल्या रिकाम्या आठवड्यातच सवय मोडते. माझी लायब्ररीची फेरी शनिवारी असते, म्हणून शेवटचं प्रकरण मी शुक्रवारपर्यंत राखून ठेवते.