तलवारीच्या नादाने मध्ययुगात शिरणाऱ्यांसाठी चार गोष्टी

युरोपच्या मध्ययुगीन युद्धशास्त्राचा अभ्यास कसा करायचा, असं विचारणारी बहुतेक मुलं व्हिडिओ गेम्समधून नाहीतर मालिकांमधून आलेली असतात. त्यात कमीपणा काही नाही. मीही चिलखतांची चित्रं बघतच या वाटेला लागले. फक्त एक गोष्ट आधीच सांगून टाकते: या विषयात हाताला आधी तलवार लागत नाही, हिशेब लागतात. पगारपत्रकं, हजेरीपट, घोड्यांच्या किमतीच्या याद्या. ते वाचताना ज्याला कंटाळा येतो त्याने हौस म्हणून हा विषय जरूर जपावा, पण त्यासाठी इंग्लंडला जाऊन परदेशी विद्यार्थ्यांची फी भरू नये.

हिशेबात एवढं काय असतं ते दाखवते. 1415 साली पाचव्या हेन्रीने फ्रान्सवर स्वारी केली, त्यात अ‍ॅजिनकोर्टची लढाई झाली. हेन्रीने सैन्य उभं केलं ते करारावर. सर थॉमस एर्पिंगहॅम हे साठीच्या घरातले जुने सरदार. त्यांचा करार 20 चिलखती शिपाई आणि 60 तिरंदाज आणण्याचा. तिरंदाजाला रोज 6 पेन्स, साध्या चिलखती शिपायाला 12. आता गणित करा. तिरंदाजांचेच 360 पेन्स, आणि 240 पेन्सचा एक पौंड, म्हणजे दिवसाला दीड पौंड. तीन महिन्यांचे झाले 136 पौंडांच्या वर, आणि ही एका सरदाराची एक बाजू. पहिल्या तिमाहीचा पगार राजाने आगाऊ दिला. दुसऱ्या तिमाहीला रोकड नव्हती, म्हणून राजघराण्याचे दागिने तारण म्हणून सरदारांच्या हवाली केले. त्यातले काही व्यवहार हेन्री मेल्यावरही मिटले नव्हते. याच स्वारीत फ्रान्सच्या आर्फ्लर बंदराच्या वेढ्यात हगवणीची साथ आली, तेव्हा ज्यांना घरी परतायची परवानगी मिळाली त्यांच्या नावांच्या याद्यासुद्धा शिल्लक आहेत. लढाईचं वर्णन करणारा बखरकार कुठल्या बाजूचा हे आधी बघावं लागतं. पगार देणाऱ्या कारकुनाला मात्र माणसं फुगवून सांगण्यात काहीच रस नसतो. फुगवलीच तर सरदार फुगवतो, आणि तेच पकडायला हजेरी असते.

अशाच कागदांवरून इतिहासकार अ‍ॅन करी यांनी इंग्रज सैन्य आठ ते नऊ हजारांच्या घरात होतं आणि फ्रेंच सैन्य बारा हजारांच्या आसपास, असं मांडलं. क्लिफर्ड रॉजर्स यांच्यासारख्या अभ्यासकांना फ्रेंचांचा आकडा पटत नाही. त्यांच्या मते तो बराच मोठा होता. नवख्याने हा वाद दोन्ही बाजूंनी नीट वाचावा. कोण बरोबर हे ठरवायची घाई नको. कुठला आकडा कुठल्या कागदातून आला, हे शोधायची सवय मात्र लागायला हवी.

आता भाषा. लॅटिन लागतंच. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या इंग्लंडसाठी अँग्लो-नॉर्मन फ्रेंचही लागते, कारण बरेच करार त्या भाषेत आहेत. एम.ए.ला हे शिकवतात, पण वर्षभराच्या अभ्यासक्रमात सगळंच पळत असतं. घरून निघण्याआधी सुरुवात केलेली बरी. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर नवशिक्यांसाठी लॅटिनचे धडे फुकट आहेत. अँग्लो-नॉर्मनचा शब्दकोशही ऑनलाइन फुकट आहे.

भाषेपेक्षा अक्षर जास्त छळतं, आणि तिथे आपल्याकडच्या मुलांना एक फायदा मिळू शकतो. मोडी येत असेल तर अर्धी लढाई मनातल्या मनात जिंकलेली असते. ‘मौजे’चं ‘मौ।’ आणि ‘परगणे’चं ‘प॥’ वाचायला डोळा सरावला की, पी या अक्षराच्या शेपटीवर आडवी रेघ म्हणजे ‘पेर’, आणि अक्षरावर आडवी रेघ म्हणजे गाळलेला एम किंवा एन, हे ऐकून घाबरायला होत नाही. संक्षेप करणारा कारकून सगळीकडे सारखाच: घाईत आणि कागद वाचवणारा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकवतात. मध्ययुगीन युरोपसाठी मोडी शिका, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. तरी शिका.

मूळ कागद लंडनमध्ये क्यू इथे, त्याच नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये बघायला मिळतात. वाचकपत्र फुकट मिळतं. आत पेन नेता येत नाही, फक्त पेन्सिल. स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात. हजेरीपट म्हणजे चर्मपत्राची गुंडाळी. ती सोडली की परत गुंडाळते, म्हणून वजनं ठेवून सपाट करावी लागते. नावांच्या रांगा असतात, नावाच्या बाजूला बारीकसा ठिपका: माणूस हजर. काही नावांवर काट असते आणि जागी दुसराच कोणीतरी आलेला असतो. करारपत्रं तर एकाच चामड्यावर दोनदा लिहून मधून नागमोडी कापलेली. एक तुकडा राजाकडे, एक सरदाराकडे. तंटा झाला तर दोन्ही कडा जुळवून बघायच्या. तो नागमोडी काठ डोळ्यांनी पाहिल्यावर करार हा प्रकार पाठ करावा लागत नाही. जाता आलं नाही तरी अडत नाही. 1369 ते 1453 या काळातल्या इंग्रज शिपायांच्या नावांचा मोठा डेटाबेस इंटरनेटवर खुला आहे; रेडिंग आणि साउदॅम्प्टन विद्यापीठांच्या अभ्यासकांनी तो उभा केला.

मग तलवारी कुठे? लीड्सला. तिथलं रॉयल आर्मरीज संग्रहालय 1996 साली उघडलं, आणि विद्यापीठातली मध्ययुगीन अभ्यासाची संस्था त्याच शहरात आहे. दर जुलैत तिथे मध्ययुगाची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरते. युद्धावरच्या बैठकांना जागा पकडायला लवकर जावं लागतं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं, ढाल-तलवारीचे डाव दाखवणारं जर्मन हस्तलिखित रॉयल आर्मरीजच्याच संग्रहात आहे. त्यात शिकवणारा पाद्री आहे, आणि शेवटी शेवटी वाल्पुर्गिस नावाची बाई हातात तलवार घेऊन उभी आहे. एका हाताची लढाऊ तलवार साधारण एक ते दीड किलोची असते, पूर्ण चिलखत वीस ते पंचवीस किलोचं, आणि ते अंगभर वाटलेलं. ‘पाच किलोची तलवार’ म्हणणारा माणूस भेटला की हसून सोडून द्यावं.

इंजिनिअरिंग किंवा वैद्यकातून येणाऱ्यांनी बिचकू नये. चिलखतांच्या पोलादाचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करणारी एक अख्खी शाखा आहे. हाडांचीही आहे: 29 मार्च 1461 ला इंग्लंडमधल्या टाउटनला लढाई झाली, तिथलं सामूहिक दफन 1996 मध्ये सापडलं आणि ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी ते तपासलं. बहुतेक घाव डोक्यावर. शिरस्त्राणं तेव्हा डोक्यावर का नव्हती, हा प्रश्न हाडांनी उभा केला, बखरींनी नाही.

नोकरीचं खरं सांगायचं तर विद्यापीठात कायमची जागा मिळणं तिकडेही अवघड. संग्रहालयं, अभिलेखागारं, शाळेत शिकवणं, लिलावगृहात शस्त्रांच्या नोंदी करणं, असे रस्ते असतात. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. हे बऱ्याच जणांना अर्ज भरताना कळतं.

मला स्वतःला वाटतं की मराठी अभ्यासकाला मोकळं रान आहे ते फिरंगीत. युरोपातून आलेलं पातं, त्याला दख्खनी मूठ. अशा तलवारी आपल्याकडच्या संग्रहालयांत आहेत, आणि पात्यावरचे ठसे वाचणारे थोडे. धावत्या लांडग्याचा ठसा मूळ जर्मनीतल्या पासाउ गावचा, पुढे तिथल्याच झोलिंगन या दुसऱ्या गावच्या कारागिरांनीही उचलला. युरोपीय ठशांच्या नकला आपल्या लोहारांनीही केल्या. म्हणून नुसत्या ठशावरून पात्याचं गाव सांगणाऱ्या फलकावर विश्वास ठेवू नये. मोडी कागद, लॅटिन खातं आणि पातं या तिन्ही गोष्टी वाचू शकणारे लोक जगात फार नाहीत.

एम.ए.च्या अर्जासोबत काही विद्यापीठं लेखनाचा नमुना मागतात. तिथे ‘मध्ययुगातील युद्धकला’ असा विषय घेऊ नका. शिपायांच्या त्या डेटाबेसमधून एकच सरदार निवडा, त्याची माणसं मोजा, कोण दोन मोहिमांत सापडतं आणि कोण एकदाच दिसून नाहीसं होतं ते बघा, आणि तेवढ्यावर पंधरा पानं लिहा.